कोरणाऱ्याचा ‘मी’ : टॉमस ब्यूइकच्या आत्मवृत्ताचे वाचन

कारागिराचे आत्मचरित्र हा प्रकार कोणत्याही भाषेत विरळाच आढळतो. राजे, सेनापती, धर्मोपदेशक, वकील, नट आणि लेखक यांनी आपली चरित्रे भरभरून लिहिली. ज्यांच्या तळहाताला घट्टे पडले त्यांनी मात्र क्वचितच लेखणी धरली. सोळाव्या शतकातील फ्लोरेन्सचा सोनार बेन्व्हेनुतो चेलिनी हा ठळक अपवाद. पण त्यानेही आपला वृत्तांत बहुतांशी एका मुलाला सांगून लिहून घेतला. आपल्याकडे नरहरी सोनार, गोरा कुंभार, सावता माळी यांनी आपापल्या धंद्याची भाषा अभंगात आणली, हे मराठी कवितेचे मोठेच भाग्य. पण ती अवजारे अभंगात आली ती रूपके होऊन. कारागिरीचे तपशील भक्तीच्या कामी लागले आणि कारागीर म्हणून त्यांचा दिवस कसा जात असे हे मागे राहिले.

या पार्श्वभूमीवर एक इंग्रजी आत्मवृत्त मराठी अभ्यासकांनी जवळून पाहावे असे आहे. ते टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) या लाकडावर ठसे कोरणाऱ्या कारागिराचे आहे. कोरीव कामात आयुष्य घालवलेला माणूस स्वतःबद्दल लिहू लागतो तेव्हा हाताविषयी किती सांगतो, किती गाळतो, आणि गाळलेले आपण कोठे शोधायचे, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहेत.

१. हस्तलिखित आणि त्याचे दोन अवतार

ब्यूइक हा उत्तर इंग्लंडमधील टाइन नदीकाठचा. चेरीबर्न नावाच्या लहानशा घरात त्याचा जन्म झाला. वडील थोडी शेती करत आणि जवळची एक छोटी कोळशाची खाण चालवत. चौदाव्या वर्षी, १ ऑक्टोबर १७६७ रोजी, तो न्यूकॅसल शहरात राल्फ बायल्बी या कोरीव काम करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. पुढे त्याच कारखान्यात तो भागीदार झाला. त्याच्या ठशांनी सजलेला चतुष्पादांचा ग्रंथ १७९० साली आणि ब्रिटिश पक्ष्यांचे दोन खंड १७९७ व १८०४ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथांनी त्याचे नाव घरोघरी पोहोचवले. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या १८४७ च्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात पोरकी जेन पडद्याआड बसून जे पुस्तक पाहते ते ब्यूइकच्या पक्ष्यांचेच. जेनला त्यातील मजकुराची फारशी फिकीर नाही, ती चित्रे पाहते. ही नोंद पुढे उपयोगी पडणार आहे.

आत्मवृत्त लिहायला त्याने १८२२ च्या नोव्हेंबरात घेतले, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. थोरली मुलगी जेन हिला उद्देशून ते लिहिले आहे. मरणापर्यंत तो त्यात भर घालत राहिला. पण ग्रंथ छापला गेला १८६२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, आणि तोही मुलीच्या संपादनातून. तिने बराच मजकूर गाळला, काही ठिकाणी भाषा नीटनेटकी केली. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेला पाठ आयन बेन यांच्या संपादनाने १९७५ साली आला. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे वाचकांनी वाचलेला ब्यूइक हा काहीसा मुलीने घडवलेला ब्यूइक होता. वडिलांच्या हातून जे पृष्ठभागावर राहिले त्यातले काही मुलीने कोरून काढले, असे म्हणायला हरकत नाही.

२. हात बोलतो ती पाने

या आत्मवृत्ताचा पूर्वार्ध अव्वल दर्जाचा आहे. लहानपणी कागद मिळत नसे. तेव्हा हा मुलगा घराच्या चुलीपुढची फरशी, ओव्हिंगहॅमच्या चर्चमधले थडग्यांचे दगड आणि दाराजवळची जमीन खडूने भरून टाकी. पुढे कुणीतरी कागद दिला तेव्हा रंग म्हणून रानातल्या काळ्या बेरींचा रस. यात कौतुकाचा सूर नाही. साधनाची टंचाई आणि तीवर काढलेली वाट एवढेच तो सांगतो. पुढे उमेदवारीतली कामे येतात: दारांवरच्या पाट्या, शवपेटीवरच्या पाट्या, घड्याळांच्या तबकड्या, चिलमींचे व बाटल्यांचे साचे, पुस्तकबांधणीची अक्षरे, मोहरा, शोकाच्या अंगठ्या, चांदीच्या भांड्यांवरची कुलचिन्हे. या जडकामाने आपले हात लोहारासारखे राठ आणि मोठे झाले, असे तो नोंदवतो. लाकडाचे नाजूक ठसे कोरणारा म्हणून जग ज्याला ओळखते त्याचे हात घडले ते पोलाद आणि पितळेवर. ही गोष्ट त्याने सांगितली नसती तर केवळ पक्ष्यांची पिसे पाहून ती कुणाच्या लक्षात आली नसती.

लाकडाकडे तो वळला तो चार्ल्स हटन या गणितज्ञाच्या मापनशास्त्राच्या पुस्तकामुळे. त्यातील भूमितीच्या आकृत्या लाकडावर कोरायच्या होत्या. आकृतीची काळी रेघ उभी ठेवून दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकायचे, हे कंटाळवाणे काम. ब्यूइकने दोन टोकांची कोरणी बनवली. रेघेच्या दोन्ही कडा एकाच ओढीत कापल्या जाऊ लागल्या. आत्मवृत्तात अशा जागा थोड्या आहेत, पण त्या आल्या की गद्य एकदम ताठ होते. वाक्ये लहान होतात, विशेषणे गळतात.

येथे तंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. जुना लाकडी ठसा फळीच्या लांबीच्या अंगावर सुरीने कापला जाई. ब्यूइकने बॉक्सवूड या घट्ट लाकडाचा आडवा छेद वापरला, म्हणजे खोडाची चकती. त्यावर तांब्याच्या पत्र्यावर चालते तशी कोरणी कोणत्याही दिशेने फिरते. हा प्रकार त्याने शोधला नाही, पण त्याचे सामर्थ्य त्याने सिद्ध केले. ठशात जे कोरले जाते ते छापताना पांढरे येते आणि जे राहते ते काळे. म्हणजे अस्पर्श ठोकळा छापला तर निव्वळ काळोख उमटेल. कोरणारा त्यात उजेड आणतो. ब्यूइकने काळी रेघ राखण्यापेक्षा पांढरी रेघच चित्र काढू लागेल असे केले. शिवाय दूरचे डोंगर फिके दिसावेत म्हणून तो ठोकळ्याचा तेवढा भाग किंचित खरवडून खाली घेई. तेथे दाब कमी पडे आणि शाई मंद उमटे. हे सारे उलटे, आरशातल्यासारखे करायचे. आणखी एक गोष्ट व्यवहाराची. लाकडी ठसा खिळ्यांच्या उंचीचा असल्याने मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्याला वेगळे यंत्र लागते. चित्रांचे पुस्तक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले ते यामुळे. त्याने कोरलेल्या एका लहान ठशावर नऊ लाखांहून अधिक छाप निघाल्याचा हिशेब आत्मवृत्तात अभिमानाने दिला आहे.

३. हात गप्प होतो ती पाने

आता अडचण येते. ज्या कामामुळे ब्यूइक ब्यूइक झाला त्याविषयी आत्मवृत्त जवळजवळ मौन पाळते. एखादा पक्षी कोरताना पिसाची मऊ कड आणि ताठ कणा यांत फरक कसा केला, कोरणीचा कोन कुठे बदलला, चूक झाली तर काय केले, यातले फार थोडे हाती लागते. १७८९ साली कोरलेला चिलिंगहॅमचा रानटी बैल हा त्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी ठसा. त्याची हकीगत सांगताना तो बैलाचे रेखाटन मिळवण्यासाठी झालेल्या यातायातीवर रमतो, कोरण्यावर नव्हे. थोड्याच प्रती निघाल्यावर तो ठोकळा तडकला. उत्तरार्धात तर शिकारीचे कायदे, नदीतल्या साल्मन माशांची घट, युद्ध, कर, शिक्षण आणि धर्म यांवरची मते पानेच्या पाने व्यापतात.

समीक्षक या उत्तरार्धावर सहसा नाराज असतात, आणि ती नाराजी वावगी नाही. ही पाने वाचताना दम लागतो. मात्र हे विषयांतर आहे असे म्हणणे मला पटत नाही. गावची सामाईक जमीन वाटून घेतली गेली आणि गरिबाची गाय-मेंढी चरायची सोय गेली, हे दुःख तो तेथे मांडतो. त्या काळी राजकारणावर लिहिण्याचा अधिकार जमीनदाराला आणि पाद्र्याला होता. शवपेटीच्या पाट्या कोरणाऱ्याला तो कुणी दिलेला नव्हता. ब्यूइक तो घेतो. हातकामाविषयी लिहिले असते तर वाचकाने त्याला ‘गुणी कारागीर’ म्हणून पाठ थोपटली असती, आणि त्याला तर नागरिक म्हणून ऐकले जायचे होते. हा हेतू समजतो, पण त्याची किंमतही समजते. ज्या विषयावर त्याच्याइतके अधिकाराने कुणीच बोलू शकत नव्हते तो विषय त्याने सोडला.

मौनाला दुसरेही कारण असावे. हात जे बिनचूक करतो ते स्मरणात राहत नाही. आत्मवृत्तात हात दिसतो तो सुजला तेव्हा, राठ झाला तेव्हा, ठोकळा तडकला तेव्हा. सुरळीत गेलेल्या हजारो दुपारींची नोंद हिशेबाच्या वह्यांत आहे. बायल्बी-ब्यूइक कारखान्याच्या वह्या सुदैवाने न्यूकॅसलला जतन झाल्या आहेत, आणि त्या पाहिल्या तर पोटापाण्याचा धंदा पुष्कळसा धातूवरच्या फुटकळ कोरीव कामाचाच होता, हे दिसते. पक्षी कोरले गेले ते बरेचसे दिवसाचे काम आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात.

एक जागा मात्र विलक्षण आहे. लहानपणी दगड मारून त्याने एक बुलफिंच पाडला. मरता मरता त्या पक्ष्याने आपल्या तोंडाकडे पाहिले, आणि त्यानंतर आपण एकही पक्षी मारला नाही, असे तो सांगतो. पुढे पक्ष्यांच्या ग्रंथासाठी त्याने एका संग्रहातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून दोन महिने रेखाटने केली. त्यांतली पिसे विस्कटलेली आणि पवित्रा खोटा, म्हणून त्याला समाधान झाले नाही. नुकते मारलेले किंवा जिवंत पक्षीच हवेत, असे त्याने ठरवले. मित्र शिकार करून पक्षी पाठवू लागले. ज्या हाताने पक्षी मारायचे सोडले त्याच्या सर्वोत्तम कामाला ताजे मेलेले पक्षी लागले. ब्यूइक या दोन गोष्टी ओझरत्या एका वाक्यात शेजारी ठेवतो. वाचकाला त्यांवर थांबावे लागते.

४. पानाच्या तळाशी लिहिलेले आत्मचरित्र

ग्रंथांतल्या प्रकरणांच्या शेवटी जी रिकामी जागा उरे तेथे ब्यूइकने छोटी चित्रे बसवली. बॉक्सवूडचे खोड बारीक, म्हणून ठोकळे लहान. या चित्रांना चौकट नाही. कडेची पाने, गवत आणि पाणी कागदाच्या पांढऱ्यात विरून जातात. विषय पक्ष्यांशी संबंधित असतीलच असे नाही. पुलाची पट्टी वाचवायला गाईची शेपटी धरून नदी ओलांडणारा माणूस, आणि त्या काटकसरीत वाहून गेलेली त्याची टोपी. शिंगराची शेपूट ओढणारे तान्हे पोर आणि दुरून धावत येणारी आई. मोठ्या घराबाहेर हाड चघळणारा भुकेला म्हातारा आणि त्या हाडाकडे टक लावून पाहणारा कुत्रा. आकाशात दोन चंद्र पाहणारा दारुडा.

माझा मुद्दा असा की ब्यूइकचे खरे आत्मवृत्त येथे आहे. लिखित उत्तरार्धात जी मते जड होऊन पडली तीच येथे बोटभर जागेत हलकी झाली आहेत. गरिबीवरचा त्याचा राग, कंजुषीवरचे हसू, पाऊस आणि गारठ्याची आठवण, दर आठवड्याला आईवडिलांना भेटायला न्यूकॅसलहून चेरीबर्नला चालत जाताना पाहिलेली वाट, हे सारे त्यात आहे. आईवडील १७८५ साली वारले आणि ती पायपीट संपली. चित्रांत मात्र तो रस्ता चालूच राहिला.

रस्किनने १८७२ च्या कोरीव कामावरील व्याख्यानांत ब्यूइकच्या रेखाटनाला हॉल्बाइन आणि टर्नर यांच्या पंक्तीला बसवले. त्याच दमात, याला शिक्षण मिळाले नाही, डुक्कर काढता येते पण सौंदर्यदेवता काढता येत नाही, अशी खंतही केली. या निकालातला पहिला भाग घ्यावा आणि दुसरा नाकारावा असे मला वाटते. ब्यूइकला देवता काढता येत नव्हत्या की काढायच्या नव्हत्या, हा प्रश्न रस्किनला पडत नाही. लंडनला १७७६–७७ मध्ये काही महिने राहून, चांगला पैसा मिळत असताना, तो गावी परतला. तेथे राहण्यापेक्षा माळावर मेंढ्या राखणे पत्करेन, अशी त्याची भावना होती. डुक्कर ही त्याची निवड होती.

५. ‘मी’ आणि कारखाना

पण या दुसऱ्या आत्मवृत्ताच्या मार्गात एक धोंड आहे. ब्यूइकचा उमेदवार राहिलेल्या जॉन जॅक्सनच्या सहभागाने १८३९ साली लाकडी कोरीव कामावरचा एक मोठा ग्रंथ निघाला. त्यात असे मांडले गेले की पक्ष्यांच्या खंडांतील यांपैकी अनेक चित्रे रॉबर्ट जॉन्सनने रेखाटली आणि ल्यूक क्लेनेलने कोरली. दोघेही ब्यूइकचे उमेदवार. जॉन्सन तर १७९६ मध्ये ऐन तारुण्यात वारला. मग ‘ब्यूइकचे आत्मवृत्त’ म्हणून आपण जे वाचतो आहोत ते कुणाचे?

गंमत अशी की हाच प्रश्न ब्यूइकने स्वतः एकदा लढवला होता. पक्ष्यांच्या पहिल्या खंडाचा मजकूर मुख्यतः बायल्बीने लिहिला होता आणि लेखक म्हणून आपले नाव मुखपृष्ठावर यावे अशी त्याची इच्छा होती. ब्यूइकने हरकत घेतली, प्रकरण मध्यस्थांपर्यंत गेले, आणि थोड्याच काळात वीस वर्षांची भागीदारी मोडली. वाचक पुस्तक घेतात ते चित्रांसाठी, आणि चित्रे माझ्या हातची, ही त्याची बाजू. ब्राँटेची जेन त्याच्या बाजूने साक्ष देते. पण कागदावरच्या शब्दामागे कोरणाऱ्याचा हात झाकला जाऊ नये म्हणून भांडणारा माणूस आपल्या सहीमागे उमेदवारांचे हात झाकले जातात याविषयी तितका हळवा नाही. आत्मवृत्तात उमेदवारांवर मजकूर आहे, कौतुकही आहे. त्यासोबत कृतघ्नपणाच्या तक्रारीही आहेत. भाऊ जॉन १७९५ मध्ये क्षयाने गेला, त्याच्याविषयी मात्र लिखाणात ओलावा आहे.

याचा दोष एकट्या ब्यूइकच्या स्वभावाला देऊ नये. आत्मचरित्र हा प्रकारच एकवचनी आहे. कारखाना अनेकवचनी असतो. एक रेखाटतो, दुसरा पार्श्वभूमी खाली घेतो, तिसरा पिसे कोरतो, आणि मालक शेवटची ओढ देऊन ठसा पक्का करतो. हे काम ‘मी’ या सर्वनामात मावत नाही. कारागिराच्या आत्मचरित्राची ही अंगभूत मर्यादा आहे, आणि समीक्षकाने ती ध्यानात ठेवूनच असे ग्रंथ वाचले पाहिजेत. कुठली रेघ कुणाची याचा निवाडा अभ्यासक अजून करत आहेत. नायजेल टॅटर्सफील्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली तीन खंडांची सूची हे त्या दिशेने मोठे पाऊल आहे.

६. मिरजेची गीता

ब्यूइकच्या पाणपक्ष्यांचा खंड निघाला १८०४ साली. पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, तीही तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून. या उद्योगाची सुरुवात पुण्यात नाना फडणविसांच्या काळात झाली होती. इंग्रज वकील मॅलेट याच्या भोवतालच्या मंडळींकडून एका तांबटाने हे काम उचलले. १८०० साली नाना वारले, पुण्याची घडी विस्कटली, आणि तो तांबट मिरजेला गेला. देवनागरी मुद्रणाच्या आपल्या इतिहासांत तो भेटतो तो त्याच्या जातीच्या आणि धंद्याच्या नावाने. आश्रयदात्याचे नाव घरातल्या सर्वांना पाठ असते.

ब्यूइकच्या आणि या तांबटाच्या हातांनी एकाच वेळी एकाच प्रकारची अडचण सोडवली होती: उलटे पाहून सुलटे उमटवायचे. देवनागरीत तर शिरोरेघ, काना, वेलांटी आणि जोडाक्षरे सारीच उलट क्रमाने धातूवर उतरवायची. एकाने मुलीसाठी भरघोस आत्मवृत्त लिहिले, हिशेबाच्या वह्या मागे ठेवल्या, अंगठ्याचा ठसा कोरून पावत्यांवर उमटवला. दुसऱ्याचे म्हणून आपल्यापाशी आहे ती गीतेची अक्षरे.

म्हणून ब्यूइकच्या वाचनातून आपण घ्यायचे ते हे. कारागिराने स्वतःबद्दल लिहिले असले तरी ते पुरे नसते, हे ब्यूइक दाखवतो. त्याच्या ग्रंथापेक्षा पानाच्या तळचे बोटभर ठसे आणि रोजमेळाच्या वह्या अधिक बोलतात. मग ज्याने काहीच लिहिले नाही त्याच्या बाबतीत कामालाच लेखन मानून वाचण्याखेरीज गत्यंतर नाही. मिरजेच्या गीतेकडे आपण आजवर मुद्रणाच्या इतिहासातला एक टप्पा म्हणून पाहिले. ती एका माणसाची रेघ म्हणूनही वाचता येईल: एकच अक्षर पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर कसे बदलते, वळण कुठे सैलावते, हात कुठे सरावतो, कुठे थकतो, दुसरा हात कुठे मधे येतो. त्या वाचनासाठी लागणारी भिंगे, धीर आणि कोरीव कामाची जाण आपल्या साहित्याभ्यासाने अजून कमवायची आहे. सोनार, तांबट आणि ठसे कोरणारे आपल्या पेठांमधून अजून बसलेले आहेत. कोरणी कशी चालते हे शिकायला त्यांच्याइतके चांगले गुरू विद्यापीठात मिळणार नाहीत.